चौदा नंबरचा दाणा

सकाळी लॅब उघडली तेव्हा मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राचं रात्रभराचं काम संपलं होतं. चोवीस दाणे, चोवीस तपकिरी वायल. खांद्यावरची पर्सही न काढता मी स्क्रीनसमोर बसले.

इंदूरच्या माणसाला सोयाबीन नवं नाही. पावसाळ्यात शहराबाहेर पडलं की दुतर्फा तेच. त्या दाण्यात टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्वाची रूपं, भरपूर असतात, पण बहुतेक गॅमा जातीची. आपलं यकृत मुख्यतः अल्फाच राखून ठेवतं, आणि तोच दाण्यात थोडा. दोघांत फरक एका मिथाइल गटाचा. तो जोडणारं एन्झाइम झाडाकडे असतंच. पानांत ते जोमानं चालतं, दाण्यात कमी पडतं. १९९८ साली शिंतानी आणि डेलापेना यांनी अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपाच्या बियांत त्याचा जीन जोरात चालवून दाखवला. एकूण टोकोफेरॉल तेवढेच राहिले, पण ई जीवनसत्त्वाची ताकद नऊपट झाली. पुढे २००३ मध्ये सोयाबीनमध्येही दोन जीन घालून अल्फाचं प्रमाण ९५ टक्क्यांवर नेता आलं. आम्ही बघत होतो ते एवढंच, की आपल्या जेएस ३३५ या सोयाबीनच्या वाणात हे साधतं का.

सोयाबीन मात्र हट्टी. शेकडो बीजपत्रं अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या, झाडात जीन पोचवणाऱ्या जीवाणूच्या द्रावणात भिजवावीत, तेव्हा एखादं रोप हाती लागतं. आमच्या हाती लागलेल्या एकाच रोपाचे हे चोवीस दाणे. प्रत्येकाचा नाभीपासून लांबचा एक काप तपासायला घेतलेला, अंकुराकडचा भाग पेरायला राखलेला.

साध्या दाण्याच्या आलेखात आधी अल्फाचा छोटा उंचवटा येतो, मग गॅमाचा उंच सुळका. पहिला दाणा तसाच. दुसराही तसाच. पोटात गोळा आला. तिसऱ्याला अल्फाचा सुळका थेट वर गेलेला, आणि गॅमाच्या जागी जेमतेम एक टेकाड! मी सायलीला फोन लावला. ती धावतच आली. अकरापर्यंत आकडा पक्का झाला: सतरा बदललेले, सात जुन्यासारखे. जीन एकाच जागी बसला असेल तर तीनास एक, म्हणजे अठराला सहा यायला हवेत. सतराला सात! मेंडेलच्या हिशेबाला इतकं जवळ जाताना मी प्रथमच पाहत होते.

मग राखलेले भाग काढले. ते तेवीसच भरले. चौदा नंबरचा खण रिकामा.

"मॅडम, चौदा तर जुन्यासारख्यांतलाच आहे," सायली हळूच म्हणाली.

पण आलेखात बदल दिसला नाही म्हणजे जीन नाहीच, असं धरता येत नाही. तो गप्पही बसलेला असू शकतो. पीसीआर, म्हणजे जीन आहे की नाही याची थेट तपासणी, व्हायचाच होता. शिवाय ते सात आमच्यासाठी फार मोलाचे होते. त्याच आईची, त्याच कुंडीतली भावंडं. तुलनेला याहून चांगलं काय मिळणार? आणि जनुक बदललेला प्रत्येक दाणा रजिस्टरात असावाच लागतो. तो नियम मला कधीच जाच वाटलेला नाही.

मोहनकाकांनी झाडू बाजूला ठेवला आणि कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर उलटी केली. काका देवासजवळच्या गावचे, घरची दहा बिघे सोयाबीन. फ्रीजमागे, तराजूखाली, ड्रॉवरच्या फटीत, बूट काढून त्यांच्या तळव्यांनासुद्धा, दीड तास शोधलं. शेवटी काकांनाच सापडला. काल काढून टाकलेल्या, आतली बाजू बाहेर आलेल्या एका ग्लोव्हच्या बोटात तो अडकला होता. पिवळा, काठाशी किंचित चेमटलेला. सायली रडायला लागली. मीही थोडी रडले.

काकांनी तो तळहातावर घेतला. "ताई, हे बी आमच्या शेतात कधी येणार?"

मी त्यांना खरं तेच सांगितलं. आपल्या देशात शेतकऱ्याच्या हाती जीएम, म्हणजे जनुक बदललेलं, पीक आलं ते बीटी कापसाचंच. खाण्याच्या पिकाला समित्या, चाचण्या, वर्षानुवर्षं. आणि आमचं हे तर रोप उगवायच्याही आधीचं काम. ते काही बोलले नाहीत. पेन घेऊन चोवीस कागदी पेल्यांवर नंबर घातले, आणि चौदाला स्वतः माती भरली.

बाकीच्यांना चौथ्या दिवशी कोंब फुटले. चौदाला सातव्या दिवशी.