मीडियमपी, रॅमची एकच पट्टी आणि मे महिना

जुन्या लॅपटॉपवर शेडर (पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्रॅम) बिघडला की 'ग्राफिक्स कार्डच नाही, मग काय होणार' असं म्हणून लोक मोकळे होतात. नागपूरच्या बर्डीवरून सेकंडहँड घेतलेल्या, इंटेल एचडी ४००० या ऑनबोर्ड ग्राफिक्सवाल्या मशीनवरसुद्धा पाणी, धुकं, ब्लूम (उजळ भागांभोवतीची चमक) नीट चालतात. फक्त आधी एक ठरवा: चित्र चुकतंय, की चित्र बरोबर आहे पण रखडतंय? दोन्हींची औषधं वेगळी, आणि लोक नेमकं उलटं औषध देतात.

त्याही आधी रेंडररचं, म्हणजे चित्र कोण काढतंय त्याचं, नाव वाचा. क्रोमच्या जीपीयू पानावर किंवा लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ते दिसतं. तिथे स्विफ्टशेडर, एलएलव्हीएमपाइप किंवा मायक्रोसॉफ्ट बेसिक असं काही असेल, तर सगळं काम सीपीयू करतोय. मग शेडरला हात लावू नका, ड्रायव्हर टाका.

चित्र चुकत असेल तर पहिला संशय आकड्यांच्या अचूकतेवर घ्या. फ्रॅगमेंट शेडरच्या (पिक्सेल रंगवणाऱ्या शेडरच्या) डोक्यावर मीडियमपी, म्हणजे मध्यम अचूकता, असं लिहिलेलं असतं. डेस्कटॉपचे ड्रायव्हर त्याकडे बहुधा दुर्लक्ष करून पूर्ण ३२ बिटांत गणित करतात, म्हणून तुमच्या पीसीवर सगळं छान दिसतं. स्वस्त फोनवर मात्र ते खरोखर १६ बिटांत होतं. माली-४०० सारख्या जुन्या चिपच्या फ्रॅगमेंट शेडरमध्ये तर हायपी, म्हणजे जास्त अचूकता, मिळतच नाही.

१६ बिटांत अपूर्णांकासाठी १० बिट असतात. म्हणजे ६४ ते १२८ या टप्प्यात दोन शेजारच्या आकड्यांत १/१६ चं अंतर. आता अशा फोनवर शेडरला सेकंदांत वेळ पाठवून लाटा हलवताय असं धरा. पहिलं मिनिट सगळं मखमली. ६४ सेकंदांनंतर वेळ सेकंदाला १६ पायऱ्यांनीच पुढे सरकते, लाटा अडखळतात. १०२४ सेकंदांनंतर, म्हणजे साधारण १७ मिनिटांनी, सेकंदाला एकच पायरी. 'थोडा वेळ चालवलं की अटकते' या तक्रारीत आधी हेच तपासा. उपाय शेडरमध्ये नाही, सीपीयूवर आहे: वेळ ६.२८३२ ने (२ × पाय, म्हणजे साइनचं एक आवर्तन) भागून उरलेली बाकीच पाठवा, आणि सगळ्या साइन लाटांचे वेग पूर्णांकात ठेवा. नाहीतर दर सव्वासहा सेकंदांनी झटका दिसेल.

नॉइजचंही (ढगांसारख्या वेड्यावाकड्या नक्षीचंही) तसंच. साइनला ४३७५८.५४५३ ने गुणून अपूर्णांक घ्यायची युक्ती सगळीकडे चिकटवलेली दिसते. १६ बिटांत १०२४ च्या वर अपूर्णांक उरतच नाही, त्यामुळे ढगांच्या जागी सपाट रंग येतो. त्यापेक्षा ६४ × ६४ चं नॉइज टेक्स्चर (आधीच तयार ठेवलेलं चित्र) वापरा. माप दोनच्या घातातलंच ठेवा. वेबजीएल १ (ब्राउझरमधल्या ग्राफिक्सची जुनी आवृत्ती) मध्ये ६० × ६० चं टेक्स्चर रिपीट मोडमध्ये लावलं तर सरळ काळं दिसतं, आणि एरर काही येत नाही.

एकाच ड्रायव्हरवर काळे ठिपके दिसत असतील आणि ब्लूममध्ये ते पसरत असतील, तर कुठेतरी घात काढणाऱ्या पॉवर फंक्शनला ऋण आकडा जातोय किंवा शून्य लांबीचा व्हेक्टर नॉर्मलाइज (लांबी १ करणं) होतोय. वर्ग हवा असेल तर सरळ आकडा स्वतःशी गुणा. सुरुवातीची किंमत न दिलेले व्हेरिएबलही शोधा. एका ड्रायव्हरवर त्यांत शून्य असतं, दुसऱ्यावर कचरा.

आता रखडण्याचं. खिडकीची लांबी-रुंदी दोन्ही निम्मी करा. फ्रेमचा वेळ चौथाईच्या आसपास आला तर दोष पिक्सेलच्या कामात आहे; हललाच नाही तर ड्रॉ कॉल (सीपीयूने जीपीयूला दिलेले चित्र काढायचे हुकूम) किंवा सीपीयू बघा. पिक्सेलमध्येच असेल तर सगळी टेक्स्चर १ × १ ची लावून पुन्हा मोजा. वेग वाढला तर गणित नाही, मेमरी अडवतेय.

ब्लरचा हिशेब एकदा कागदावर करून बघाच. १३६६ × ७६८ म्हणजे साडेदहा लाख पिक्सेल. ९ × ९ चा ब्लर एका फटक्यात केला तर दर पिक्सेलला ८१ नमुने (आजूबाजूच्या पिक्सेलचे वाचलेले रंग), फ्रेमला सुमारे साडेआठ कोटी. आधी आडवा, मग उभा केला तर १८ नमुने. तोच निम्म्या मापाच्या बफरवर, ६८३ × ३८४ वर केला तर सगळे मिळून ४७ लाख. अठरा पटीने कमी, आणि ब्लर असल्याने डोळ्याला फरक जवळजवळ कळत नाही.

मेमरी अडवत असेल तर झाकण उघडा. ऑनबोर्ड ग्राफिक्स सिस्टिमचीच रॅम वापरतं. डीडीआर३ पट्टीच्या लेबलवरचा १२८०० हा आकडा म्हणजे सेकंदाला १२.८ जीबी डेटा. तशीच दुसरी पट्टी शेजारी बसली की तोच वेग सेकंदाला २५.६ जीबी होतो. सेकंडहँड लॅपटॉपमध्ये बहुतेकदा एकच पट्टी असते. जुनीवर पीसी३ आहे की पीसी३एल ते वाचून तशीच घ्या. इतक्या पैशांत शेडरचं याहून भलं दुसऱ्या कशाने होत नाही.

रेमार्चिंगच्या (किरण पायरीपायरीने पुढे सरकवत चित्र काढायच्या) लूपमध्ये १२८ पायऱ्या टाकल्या आणि स्क्रीन काळी होऊन परत आली, तर मशीन खराब झालेलं नाही. जीपीयू २ सेकंदांत उत्तर देत नाही म्हणून विंडोज ड्रायव्हर रिसेट करतं. ३२ पायऱ्यांपासून सुरू करून वर जा.

आणि मोजमाप सकाळी गारव्यात करू नका. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तापलेली चिप स्वतःहून वेग कमी करते, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांचा आकडा काही कामाचा नाही. दुपारी दोनला, चार्जर लावून, वीस मिनिटं चालवा आणि शेवटच्या पाच मिनिटांचा फ्रेमचा वेळ लिहून ठेवा. ३० एफपीएससाठी (सेकंदाला ३० फ्रेम) तो ३३ मिलिसेकंदांच्या आत हवा. २५ च्या आसपास आला तर ठीक, ३२ आला तर अजून कापा. लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, थेंब उडतात. बाजूला ठेवा, आणि गादीवर तर अजिबातच नाही, खालच्या जाळ्या बंद होतात.