भट्टीवरचा खड्डा अखेर भरला

मंडळी, सापडलं! मागच्या नोंदीतला, उपग्रहाच्या मोजणीतून काढलेला तो नकाशा आठवत असेल, ज्यात सिमेंट कारखान्याच्या अगदी माथ्यावर उत्सर्जन शून्याच्या खाली गेलेलं दिसत होतं. आत १४५० अंशांवर क्लिंकर (जो दळून सिमेंट होतं) भाजला जातोय, ज्वाला त्याहून कितीतरी तापलेली, तिथे हवेतल्याच नायट्रोजनपासून नायट्रोजन ऑक्साइड तयार होताहेत, आणि माझा नकाशा म्हणतोय की हा कारखाना वायू गिळतो! दीड महिना त्या निळ्या खड्ड्याने झोप उडवली होती. काल रात्री तो भरला आणि नेमक्या त्याच जागी लाल ठिपका उभा राहिला.

पद्धत तीच, फ्लक्स डायव्हर्जन्स, म्हणजे एखाद्या जागेत वाऱ्याबरोबर आत येणाऱ्या वायूपेक्षा बाहेर जाणारा किती जास्त ते मोजायचं, २०१९ मध्ये रियाधवर वापरून दाखवलेली. ट्रोपोमी या उपग्रहावरच्या उपकरणाचा एनओटू कॉलम (हवेच्या उभ्या खांबातला एकूण नायट्रोजन डायऑक्साइड) गुणिले वारा, त्याचं डायव्हर्जन्स, त्यात विघटनाची भर. दोन वर्षांची सरासरी, क्यूए (दर्जाचा गुणांक) ०.७५ च्या वरचेच पिक्सेल, वारा ईआरए-५ या जागतिक हवामान डेटासंचाचा.

आधी संशय आयुर्मानावर गेला, म्हणजे वायू हवेत किती वेळ टिकतो त्यावर. ४ तास धरले होते, ते २ केले, मग ६. खड्ड्याचा रंग थोडा बदलला, खड्डा हलला नाही. तसं होणारच होतं, कारण विघटनाचं पद नकाशावर पातळ थरासारखं पसरतं, एका जागी खोदकाम ते करूच शकत नाही. मग एअर मास फॅक्टर, म्हणजे उपग्रहाची तिरपी मोजणी उभ्या कॉलममध्ये बदलणारा आकडा. त्यामागचं गृहीत प्रोफाइल (कुठल्या उंचीवर किती वायू) १ अंशाच्या मॉडेलमधून येतं, त्यात एकट्या चिमणीचा धूर पार सपाट होऊन जातो, म्हणून आकडे कमी येतात. कमी येतील, पण ऋण कसे येतील? पांढऱ्याफटक चुनखडीच्या खाणीला अल्गोरिदम ढग समजत असेल, असंही वाटलं. क्यूए ०.५ पर्यंत खाली आणून पाहिलं. काही फरक नाही.

खरा धागा त्याआधीच हातात आला होता आणि मी तो सोडून दिला, याची चुटपुट अजून आहे. १० मीटरऐवजी १०० मीटर उंचीवरचा वारा घेतला तेव्हा खड्डा आणखी खोल झाला होता. वारा वाढवल्यावर चूक वाढते, म्हणजे चूक वाऱ्याच्या पदातच आहे. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

शेवटी सगळे दिवस वाऱ्याच्या दिशेनुसार वेगळे केले आणि दोन मिनिटांत उलगडा झाला. पूर्व-पश्चिम वाऱ्याच्या दिवशी चिमणीवर सुरेख लाल ठिपका. उत्तर-दक्षिण वाऱ्याच्या दिवशी तिथेच खड्डा. आणि या जागी वारा बहुतेक दिवस उत्तर-दक्षिणच असतो. ईआरए-५ मधले अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे ९० पासून उणे ९० कडे उतरत जातात. मी माझी जाळी त्याच क्रमाने बांधली आणि पायथनमधल्या नमपायच्या ग्रेडियंटला (उतार काढणाऱ्या फंक्शनला) अंतर मात्र धन दिलं. त्यामुळे उत्तर-दक्षिण दिशेतला प्रत्येक स्रोत उलटा मोजला जात होता. एक उणे चिन्ह!

यावरून माझं ठाम मत झालंय: अशा कामाला पायथनमधलं एक्सअ‍ॅरेच वापरा. त्यातलं डिफरन्शिएट अक्षांशाचे खरे आकडे पाहून उतार काढतं, क्रम कुठलाही असो. आणि खऱ्या डेटाला हात लावण्याआधी कृत्रिम धूर सोडून बघा. आता मी ठरावीक उत्सर्जनाचा एक बनावट स्रोत चारही दिशांच्या वाऱ्यांत सोडतो आणि तो आकडा परत मिळाल्याशिवाय पुढे जात नाही. गूगलच्या अर्थ इंजिनमधला तयार लेव्हल-३ (ठरावीक जाळीत बसवलेला) थर नजर टाकायला छान आहे, पण त्यात अ‍ॅव्हरेजिंग कर्नल (कुठल्या उंचीवरचा वायू मोजणीत किती उतरतो ते) नाही, मूळ पिक्सेलचा आकारही हरवतो. मोजमाप करायचं तर युरोपच्या कोपर्निकस संकेतस्थळावरून लेव्हल-२ च्या (मूळ पिक्सेलच्या) फाइली उतरवण्याला पर्याय नाही.

चिन्ह सुधारल्यावर आणखी एक भेट मिळाली. आधी जिथे नुसता फिकट ओघळ होता तिथे आता दोन ठिपके आहेत: एक भट्टीचा, दुसरा १४ किलोमीटरवरच्या औष्णिक वीज केंद्राचा. ५.५ बाय ३.५ किलोमीटरच्या पिक्सेलमधून हे दोघं वेगळे दिसतात! मी तो नकाशा किती वेळ नुसता बघत बसलो होतो.

आता यापुढे एनओएक्सवरून (म्हणजे नायट्रोजन ऑक्साइडवरून) कार्बन डायऑक्साइडचा अंदाज काढायचा, असं वरचे परिच्छेद लिहीपर्यंत ठरलेलं होतं. पण ते थांबवतोय. सिमेंटच्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ६० टक्के चुनखडीच्या विघटनातून येतो, ज्वालेतून नाही. उरलेल्या भागाचंही एनओएक्सशी असलेलं गुणोत्तर इंधन आणि बर्नरनुसार बदलतं. वीज केंद्रासाठी चालेल असा गुणक इथे लावणं मला पटत नाही.

त्याऐवजी लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. भट्टीच्या आतलं विटांचं अस्तर बदलायला ती काही आठवडे बंद ठेवावी लागते. चालू भट्टीचं कवच इतकं तापलेलं असतं की लँडसॅट उपग्रहांच्या औष्णिक (उष्णता टिपणाऱ्या) पट्ट्यात ते उठून दिसायला हवं, आणि लँडसॅट ८ आणि ९ मिळून दर ८ दिवसांनी फेरी होते. बंदीच्या काळात भट्टीचा ठिपका मावळला आणि वीज केंद्राचा टिकला, तर कोणाचा धूर कोणता यावर वादच उरणार नाही. मात्र इतक्या थोड्या दिवसांत डायव्हर्जन्स गोंगाटात बुडेल, कारण उतार काढला की गोंगाट फुगतो. म्हणून त्या आठवड्यांसाठी प्रत्येक दिवसाचं चित्र वाऱ्याच्या दिशेने फिरवून सरासरी काढणार आहे.

हे लिहून झाल्यावर राहवलं नाही, म्हणून गेल्या वर्षीची लँडसॅट दृश्यं चाळली. एका ठिकाणी, सलग तीन ढगविरहित दृश्यांत, भट्टीवरचा तो तापलेला पिक्सेल गायब आहे. त्या तारखांच्या ट्रोपोमी फाइली आत्ता उतरवायला लावल्या आहेत.