हालोलच्या शेतात अंगठी शोधताना

वहिनीची साखरपुड्याची अंगठी हालोलजवळ, मित्राच्या शेतात तुरीच्या शेंगा तोडताना गळून पडली. ओळखीच्याकडून मेटल डिटेक्टर आणला आणि रविवारी सकाळी सहालाच वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून निघालो. दादा, वहिनी, भाचा आणि मी.

भाच्याच्या मनात वेगळंच होतं. "मामा, वाटेत चांपानेरला थांबू ना. तिथं टांकसाळ होती, नाणी मिळतील."

टांकसाळ होती, हे खरंच. महमूद बेगड्यानं 1484 मध्ये चांपानेर घेतलं, तिथं राजधानी वसवली, आणि 1535 मध्ये हुमायूननं ते लुटलं. तिथल्या मातीला हात लावायचा नाही तो याचसाठी. 2004 पासून हा जागतिक वारसा आहे, आणि 1958 च्या पुरातत्त्व कायद्यानं संरक्षित जागेत परवानगीशिवाय खोदलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. डिटेक्टर डिकीत ठेवून आम्ही जामा मशीद बघितली, मग अमीर मंझिलच्या अवशेषांकडे गेलो. बागेतले पाण्याचे पाट उत्खननात उघडे केलेत. भाच्याला तिथंच उभं करून सांगितलं, नाणं कुठल्या थरात सापडलं त्यावरून शेजारच्या भिंतीचा काळ ठरतो. ते खिशात घातलंस की भिंत मुकी झाली. तो बराच वेळ त्या पाटाकडे बघत होता.

जांबुघोड्याकडे जाणाऱ्यांनी डिटेक्टर घरीच ठेवावा. अभयारण्यात शिरायलाच वनखात्याची परवानगी लागते, आणि राखीव जंगलात जमीन उकरायला 1927 च्या वन कायद्यानं मनाई आहे. कमाटी बागेसारख्या सार्वजनिक बागेत काही हरवलं तर आधी बागेच्या कचेरीत लेखी अर्ज द्या. हिरवळीखाली नळ आणि विजेच्या तारा असतात, खुरपी कुठं लागेल सांगता येत नाही.

शेतात मालक म्हणाले, "पूछीने खोदजो, भाई." आम्ही तसंच केलं. तुरीच्या ओळींत दोरी बांधून पट्टे पाडले, एकेक पट्टा सावकाश फिरलो. डिटेक्टरच्या टोकाची चकती जमिनीला जवळजवळ टेकूनच फिरवावी लागते, कारण नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीच्या खाली सहसा कळत नाही. पावागडच्या पायथ्याला ज्वालामुखीचा दगड, त्यातल्या लोहामुळे यंत्र उगीचच वाजतं. म्हणून शेतात पोचल्यावर आधी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्र तिथल्या मातीशी जुळवून घ्या. नाजूक साखळी शोधत असाल तर फार आशा धरू नका, तिचा आवाज अगदी क्षीण येतो. अंगठी बंद कडं असल्यामुळे बरी सापडते.

चौथ्या पट्ट्यात यंत्र ठणकन वाजलं. खुरपीनं ढेकूळ अलगद उचललं, पण अंगठी नव्हती. हिरवट गंज चढलेला तांब्याचा पैसा निघाला. बोटानं माती झटकली तर घोड्याचा खूर आणि तलवार दिसली, म्हणजे गायकवाडी! दादानं तो घासायला घेतला, मी हातातून काढून घेतला. गंज खरवडला की अक्षरंही जातात.

अंगठी नंतर, बांधाच्या कडेला दोन बोटं मातीखाली मिळाली. वहिनीनं ती पदरानं पुसली आणि तिथंच खाली बसली.

त्या पैशाचं काय करायचं? 1878 चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली वस्तू दहा रुपयांहून जास्त किमतीची असेल तर सापडणाऱ्यानं कलेक्टरला लेखी कळवायचं. कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. धन बेवारशी ठरलं आणि वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं, एक चतुर्थांश जमीनमालकाचं. म्हणून मालकाशी बोलणं खोदण्याआधीच करा, तेही कागदावर.

एकच पैसा, कशाला एवढा खटाटोप, असं दादाचं म्हणणं. मला ते पटलं नाही. खड्ड्याचा फोटो, खोली, बांधापासूनचं अंतर लिहिलं, खड्डा बुजवला, आणि सोमवारी मालकाला बरोबर घेऊन गोध्र्याला कलेक्टर कचेरीत अर्ज दिला. हालोल तालुका पंचमहालात येतो, त्यामुळे वडोदऱ्याच्या कचेरीत जाऊ नका. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या.