एकाच रात्री दोनदा अकरा

विम्याच्या कागदांवर असं दिसत होतं की आमच्या सहलीतले एक काका आधी रुग्णालयात दाखल झाले आणि मग पंधरा मिनिटांनी, हॉटेलच्या खोलीत, त्यांच्या छातीत दुखायला लागलं. विमा कंपनीने खुलासा मागितला. आमच्या सहल कंपनीने तो शोधण्याऐवजी हॉटेलवर ठपका ठेवला आणि विषय मिटवला. हॉटेलची वही खरी होती. हे मी ऑफिसात ज्याला त्याला सांगून झालं आहे, पण फायलीत अजून उलटंच लिहिलेलं आहे. म्हणून इथे सगळं मांडतो.

मी टूर मॅनेजर आहे. २०२४ च्या दिवाळीत इजिप्तचा गट घेऊन गेलो होतो. सहल स्वस्तातली, त्यामुळे कैरोतला मुक्काम पिरॅमिडसमोरच्या रिसॉर्टमध्ये नव्हता, मध्यवस्तीत होता, तलअत हर्ब चौकाजवळ. इजिप्तचा तेव्हाचा शासक खेदिव इस्माईल याने एकोणिसाव्या शतकात पॅरिस डोळ्यांसमोर ठेवून वसवलेला हा भाग. उंच छतं, लोखंडी कठड्यांच्या गॅलऱ्या, दर्शनी भिंतींवर काळवंडलेली नक्षी. इथली बजेट हॉटेलं अख्ख्या इमारतीत नसतात. खाली चपलांची आणि कपड्यांची दुकानं, मधल्या मजल्यांवर दंतवैद्य आणि वकील, आणि वर एखाद-दोन मजल्यांवर हॉटेल. आमचं पाचव्यावर होतं. रस्त्यावरून फक्त पाटी दिसते. लिफ्ट जिन्याच्या मधोमध जाळीच्या पिंजऱ्यात, लाकडी दारांची, फार तर तीन माणसांची. कुणी वरच्या मजल्यावर दार नीट लावलं नाही की ती जागची हलत नाही. मग खाली बसलेला बव्वाब, म्हणजे इमारतीचा राखणदार, वर तोंड करून हाका मारतो. मुंबईत फोर्टमधल्या जुन्या इमारतीत काम केलेल्याला हे नवीन वाटणार नाही.

पाहुणे आत शिरले की आधी लॉबी बघतात, आणि इथे लॉबीच नाही. एक टेबल, किल्ल्यांचा फळा आणि चहाची किटली. चेहरे पडतात, ते मला माहीत आहे. पण माझ्या मते पहिल्यांदा कैरोला येणाऱ्यासाठी तेव्हा याहून चांगली जागा नव्हती. १९०२ साली उघडलेलं तहरीर चौकातलं संग्रहालय तिथून चालत जाता येतं, आणि तूतनखामेन या प्राचीन राजाचा सोन्याचा मुखवटा तेव्हा अजून तिथेच होता. शाकाहाऱ्यांची काळजी नसते. कोपऱ्यावर कोशरी मिळते: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा रस्सा आणि तळलेला कांदा. औषधाचं दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. आणि मुख्य म्हणजे रस्त्यावर रात्रभर माणसं जागी असतात.

खोल्यांच्या वाटपावर मी नेहमीच वेळ घालवतो, इथे तर जास्तच. जुन्या बाथरूममध्ये उंच काठाचे टब असतात. गुडघे दुखणाऱ्याला तिथे टाकलं तर पहिल्याच सकाळी तो घसरणार. म्हणून गट येण्याआधी मी प्रत्येक बाथरूम स्वतः बघून घेतो, आणि टब नसलेल्या खोल्या वयस्करांना देतो. काका-काकूंना रिसेप्शनला लागूनची खोली दिली होती. काका सत्तरीचे, निवृत्त मुख्याध्यापक, दिवसभर संग्रहालयात सगळ्यांच्या पुढे चालणारे.

आता घड्याळाची गोष्ट. इजिप्तने अनेक वर्षं बंद ठेवलेला उन्हाळी वेळेचा नियम वीज वाचवण्यासाठी २०२३ मध्ये कायदा करून परत आणला. एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी मागे येतात. युरोपात हा बदल रविवारी पहाटे होतो, लोक झोपलेले असतात, कुणाच्या लक्षातही येत नाही. इजिप्तमध्ये तो गुरुवारी रात्री बाराच्या ठोक्याला होतो. बारा वाजले की पुन्हा अकरा. तारीख बदलतच नाही. म्हणजे गुरुवारी रात्री अकरा ते बारा हा तास दोनदा येतो, आणि तोही शुक्रवारच्या सुट्टीच्या आदल्या रात्री, जेव्हा सगळं कैरो रस्त्यावर असतं. २०२४ मध्ये तो गुरुवार ३१ ऑक्टोबरला आला. आपल्याकडे नरक चतुर्दशी. पहाटे अस्वानचं विमान होतं, म्हणून मी गटाला दुपारीच लिहून कळवलं होतं आणि जेवताना पुन्हा सांगितलं होतं: फोन आपोआप बदलेल, हातातलं घड्याळ बदला, उठवण्याची वेळ नव्या घड्याळाने दोनची.

अकरा पंचवीसला काकू बाहेर आल्या. काका पलंगाच्या कडेला बसले होते, घामाने शर्ट भिजलेला, डावा हात छातीवर. गटात कोल्हापूरच्या एक बालरोगतज्ज्ञ बाई होत्या. त्यांना उठवलं. टूर मॅनेजरने स्वतः कुणालाही गोळी द्यायची नसते, हा आमचा पक्का नियम आहे. बाईंनी नाडी बघितली, विद्राव्य अॅस्पिरीन चावायला दिली. काकूंनी घाईने सॉर्बिट्रेट, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, काढली होती, ती मात्र बाईंनी थांबवली. रक्तदाब मोजल्याशिवाय नको म्हणाल्या, आधीच कमी असेल तर आणखी खाली जाईल. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "हलवा यांना. आणि उभं करायचं नाही."

हॉटेलचा रात्रपाळीचा मुलगा तेव्हा टेबलावरच्या वहीत लिहीत होता. त्या वहीत तो पाळीतली प्रत्येक गोष्ट लिहितो: कोण आलं, कोण गेलं, कुठल्या खोलीत गरम पाणी नाही. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ टाकली, ११:२५, आणि लगेच १२३ ला, अँब्युलन्सला, फोन लावला. मी तोवर भारतातल्या विम्याच्या हेल्पलाइनवर होतो. पलीकडच्या बाईंनी पॉलिसी क्रमांक घेतला, जन्मतारीख घेतली आणि म्हणाल्या, आमच्या यादीतलं रुग्णालय बघून अर्ध्या तासात फोन करतो, तोपर्यंत पेशंटला हलवू नका. त्यांच्यासमोर जो कागद होता तो त्यांनी वाचला. पण छातीत दुखणाऱ्या माणसाला अर्धा तास बसवून ठेवा असं ज्याने त्या कागदावर लिहिलं, त्याने एक रात्र आमच्याबरोबर काढावी.

मुलाने फोन ठेवून रस्त्याकडे बोट दाखवलं. गॅलरीतून खाली बघितलं तर गाड्या जागच्या हलत नव्हत्या. तो म्हणाला, अँब्युलन्स या गर्दीतून आत येणार आणि परत बाहेर जाणार, त्यापेक्षा आपण यांना पुढच्या रस्त्यावर नेऊ, तिथून टॅक्सी सुटेल, रुग्णालय जवळ आहे. निर्णय त्याचा होता, मी होकार दिला. बाईंनीही मान हलवली.

लिफ्टमध्ये बसलेला माणूस आणि त्याला धरणारा माणूस मावत नाही. बव्वाब स्वतःची लाकडी खुर्ची घेऊन पाच मजले चढून वर आला. साठीच्या पुढचा, सईदी, म्हणजे दक्षिण इजिप्तचा माणूस. काकांना चादरीने खुर्चीला सैलसर बांधलं. बव्वाब पुढे, खालच्या बाजूला, म्हणजे वजन सगळं त्याच्यावर. मुलगा आणि मी मागून. या जुन्या इमारतींचे जिने रुंद आणि पायऱ्या बुटक्या असतात, वळणावर खुर्ची अडकत नाही. मी मोठ्या हॉटेलांचे आग लागल्यावर वापरायचे जिने बघितलेले आहेत. त्या अरुंद वळणांवर ही खुर्ची निम्म्यातच अडली असती. गटातले दोघं फोनचा उजेड धरून पुढे चालत होते. चौथ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातला एकजण काही न विचारता येऊन खुर्चीला चौथा हात लावून गेला.

रस्त्यावर बव्वाब गाड्यांच्या बॉनेटवर थापा मारत वाट काढत होता. टॅक्सी मिळाली. मुलाने त्याच्या मालकाला फोन करून टेबलावर बसायला बोलावलं आणि तो आमच्याबरोबर आला. रुग्णालयाच्या दारात पोहोचलो तेव्हा माझ्या मनगटावर बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. तिथल्या संगणकाने नोंद घेतली ११:१०.

अनामत रक्कम रोख मागितली. कंपनीने दिलेले आपत्कालीन डॉलर पुरे पडेनात, तेव्हा तो मुलगा काउंटरवर वीस मिनिटं अरबीत बोलत राहिला आणि उरलेली रक्कम सकाळी भरण्यावर त्यांना आणलं. झटका हृदयविकाराचाच होता. अँजिओप्लास्टी त्याच रात्री झाली.

यापुढचा भाग बाहेरच्यांना ठाऊक नसतो. गटाबरोबर मॅनेजर एकच असतो. पहाटे विमान, वीसहून जास्त माणसं, आणि इथे काकू एकट्या, मराठीशिवाय थोडंसं हिंदी येणाऱ्या. ऑफिसचा आदेश स्पष्ट होता: गटाबरोबर निघा, लोकल एजंटचा माणूस सकाळी रुग्णालयात येईल. सकाळी म्हणजे कधी, हे कुणी सांगेना. मुलगा म्हणाला, मी थांबतो. पाळी संपल्यावरही तो दहा वाजेपर्यंत तिथेच होता. काकूंशी फोनवरच्या भाषांतराने बोलत होता. उजाडल्यावर बाकल्याच्या दाण्यांची उसळ भरलेला पाव त्यांना आणून दिला आणि त्यात मांस नाही, हे दुकानदाराला दोनदा विचारून घेतल्याचंही सांगितलं. काकूंनीच हे मला नंतर सांगितलं. मी तेव्हा अस्वानला गटाच्या खोल्या लावत होतो. संध्याकाळी बोटीवर लक्ष्मीपूजन झालं.

काका पुढे बरे झाले. विमानकंपनीचा वैद्यकीय फॉर्म, डॉक्टरांचा प्रवासयोग्यतेचा दाखला, व्हीलचेअर, सगळं रीतसर करून दोघं घरी पोहोचले. प्रकरण खरं तर इथे संपायला हवं होतं.

काकांच्या अमेरिकेतल्या मुलाने कंपनीला लांबलचक मेल लिहिला. माझ्या वडिलांना लिफ्ट न चालणाऱ्या हॉटेलात ठेवलं, जिन्यावरून खुर्चीत बांधून उतरवलं. लिफ्ट चालू होती, पण हजारो मैलांवरून आईच्या रडक्या आवाजातून त्याला जेवढं कळलं तेवढं त्याने लिहिलं. त्याच्यावर माझा राग नाही. राग आमच्या हॉटेल करारांच्या विभागावर आहे. विम्याचं पत्र आलं, "आजाराची सुरुवात ११:२५, रुग्णालयात दाखल ११:१०, तफावतीचा खुलासा करावा", आणि सोबत अशी शंकाही की दुखणं आधीपासूनचं होतं आणि लपवलं गेलं. विभागाने हॉटेलकडून वहीचं त्या दिवसाचं पान मागवलं, ते ११:२५ असं बघितलं आणि ठरवून टाकलं की हॉटेलने मागाहून खोटी वेळ घातली. मला कुणी विचारलं नाही. माझा अहवाल त्याच फायलीत होता, घड्याळ मागे गेल्याची नोंद पहिल्या पानावर होती.

मला कळलं तेव्हा मी एका कागदावर तीन रकाने केले: कैरोची जुनी वेळ, कैरोची नवी वेळ, भारतीय वेळ. ३१ ऑक्टोबरच्या रात्री बारापर्यंत भारत कैरोच्या अडीच तास पुढे होता, त्यानंतर साडेतीन तास. काकू बाहेर आल्या तेव्हा भारतात पहाटेचे एक पंचावन्न. आम्ही रुग्णालयात पोहोचलो तेव्हा दोन चाळीस. मधला वेळ पाऊण तास, कुठेही उलटा जात नाही. आणि याचा पुरावा विमा कंपनीकडेच होता: माझा हेल्पलाइनला केलेला फोन त्यांनी भारतीय वेळेने ध्वनिमुद्रित केलेला होता, पहाटे दोन वाजून दोन मिनिटांचा. त्यांनी तो काढून बघितला आणि दावा मंजूर केला.

रात्रपाळीच्या मुलालाही मी मेसेज केला होता. त्याने वहीच्या पुढच्या पानाचा फोटो पाठवला. पहिल्याच ओळीत त्याच्या अक्षरात लिहिलेलं: रात्री बारा वाजता घड्याळ एक तास मागे केले, आता अकरा. रुग्णालयातून परत आल्यावर त्याने आधी तेवढं लिहिलं होतं. आमच्या विभागाने एकच पान मागवलं, म्हणून त्याने एकच पाठवलं.

तो फोटो मी भाषांतरासह विभागाला दिला. उत्तर आलं की दावा मंजूर झालेला असल्याने विषय बंद आहे. हॉटेल यादीतून गेलं ते गेलंच. आता गट शहराबाहेर उतरतो. १ नोव्हेंबर २०२५ ला पिरॅमिडजवळचं नवं मोठं संग्रहालय रीतसर उघडलं, तूतनखामेनचा मुखवटा तिकडे गेला, त्यामुळे मध्यवस्तीत राहण्याची गरज उरली नाही, असं सांगतात. ते व्यवहाराला धरून आहे आणि त्यावर मी भांडत नाही. पण हॉटेलच्या नावापुढे आमच्या संगणकात "नोंदवहीत वेळेची फेरफार" हा शेरा आहे, आणि तोच मजकूर तेव्हा हॉटेलच्या मालकालाही मेलने गेला होता. मालकाने मुलाला समोर बसवून जाब विचारला, वही उघडून दाखवल्यावर सोडलं. हे मुलाने मला साधेपणाने सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे.

शेरा काढा आणि मालकाला दोन ओळींचं पत्र पाठवा, एवढीच माझी मागणी आहे. विभागप्रमुख म्हणतात, बंद प्रकरणातला शेरा बदलायची सोय संगणकात नाही. पत्राबद्दल ते काही बोलत नाहीत. मागच्या आठवड्यात मी दोन्ही पानांचे फोटो आणि तीन रकान्यांचा तो कागद जोडून पुन्हा मेल केला आहे, या वेळी संचालकांना प्रत लावून.