मोरजीची गाडी, साखळीची गाडी

गोव्यात म्हापशाला गॅरेज आहे म्हटल्यावर हा प्रश्न येतोच: "भाऊ, नवी गाडी घेतोय. रेटिंग चांगलं आहे, पण खरंच टिकेल का?" तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

आधी रेटिंग कशाचं ते बघा. भारत एनकॅप म्हणजे गाडी आपटून बघायची चाचणी; तिचे स्टार अपघातात आतली माणसं कितपत सुरक्षित राहतील याचे. गाडी किती काम काढेल, याचे नव्हेत. भरवशाची मोजणी वेगळी. जे. डी. पॉवर ही कंपनी गाडीमालकांना विचारून पाहण्या करते, तिच्या अमेरिकेतल्या पाहण्या घ्या. एक पहिल्या ९० दिवसांतल्या तक्रारी मोजते, दुसरी तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या. आकडा येतो दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी, असा. त्यात फोन ब्लूटूथला जोडला जात नाही ही एक तक्रार, आणि गिअरबॉक्स गेला हीसुद्धा एकच. मोजणी खोटी नाही, पण खिशाला बसणारा फटका तिच्यात दिसत नाही.

आणि आपली हवा तर त्यात नाहीच. गेल्या पावसाळ्यानंतर एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी घेतलेल्या दोन गाड्या लागोपाठ आल्या. एक साखळीची, म्हणजे समुद्रापासून लांब आतल्या गावातली. तिचं ऑइल बदललं, ब्रेक पॅड घातले, पाठवली. दुसरी मोरजीची, समुद्राजवळ उघड्यावर उभी राहणारी. ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना जाम. हँडब्रेक ओढून ठेवलेला, म्हणून मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटलेले. हेडलाइट मंद होते. अर्थिंगची वायर सोलली तर तांब्यावर हिरवी पूड. दाराखालची पाणी जायची भोकं लाल मातीने बुजलेली, दार हलवलं की आत पाणी डचमळायचं. या दोन मालकांना गाडीबद्दल विचारलंत तर दोघंही खरंच सांगतील, आणि दोघांचं सांगणं जुळणार नाही.

माझ्या शब्दावरही सगळं सोडू नका. माझ्याकडे येतात त्या बिघडलेल्याच. बिनतक्रार चालणाऱ्या मला दिसत नाहीत.

तेव्हा रेटिंग बघाच, पण तीच गाडी घेऊन पाच पावसाळे काढलेला कोणी तुमच्याच वाड्यावर आहे का, ते शोधा. "गाडी कशी आहे?" असं विचारू नका, आपल्या गाडीला सहसा कोणी नावं ठेवत नाही. काय काय बदलावं लागलं ते विचारा, जमलं तर बिलं बघा. घर किनाऱ्याला असेल तर गाडी हँडब्रेकऐवजी गिअरमध्ये उभी करा, आणि पाऊस सरला की खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. दाराची भोकं तारेने मोकळी करायला पाच मिनिटं लागतात.