कामाचा हक्क आणि तारेतल्या पावत्या

2023 च्या मार्चमध्ये धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, तुमच्या मिशिगनमध्ये लोकांचा कामाचा हक्क काढून घेतला म्हणे! आणि युनियनवाले चक्क नाचतायत?"

त्याने कुठेतरी बातमीचं भाषांतर वाचलं होतं. त्याचं काही चुकलं नव्हतं. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला कामाचा हक्क म्हटलं की रोजगार हमी आठवणार, 1977 चा कायदा, "मागेल त्याला काम". इथल्या 'राइट टू वर्क'चा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. या कायद्याने कुणाला काम मिळत नाही, असलेलं टिकतही नाही. युनियनने भांडून मिळवलेल्या करारात काम करायचं, पण युनियनला एक पैसा द्यायचा नाही, एवढाच तो हक्क. ज्याने हे नाव ठेवलं त्याला मानलं पाहिजे. आम्ही तेव्हापासून नुसती नावं ठेवतोय.

मी डेट्रॉइटजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे. गेली आठ वर्षं आमच्या मजल्याची युनियन स्ट्युअर्डही आहे, म्हणजे कुणावर कारवाई होणार असेल तर त्याच्या शेजारी जाऊन बसणारी. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

या सगळ्याचं मूळ 1947 च्या टॅफ्ट-हार्टली कायद्यात आहे. अध्यक्ष ट्रूमन यांनी तो नाकारला, काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, त्यांचा नकार मोडून मंजूर केला. त्यातल्या 14(बी) कलमाने राज्यांना मुभा दिली की वाटल्यास युनियनच्या सक्तीच्या पैशांवर बंदी घाला. आज अशी 26 राज्यं आहेत. युनियनची जबाबदारी मात्र कुणी कमी केली नाही. एकदा ती मतदानाने निवडून आली की त्या युनिटमधल्या प्रत्येकाच्या वतीने तीच करार करणार, आणि वर्गणी न भरणाऱ्याचीही बाजू तिला नेकीने मांडावी लागणार. सभासद होण्याची सक्ती तर बंदी नसलेल्या राज्यांतही नाही. तिथे प्रश्न फक्त त्या कामाच्या खर्चातल्या वाट्याचा.

मिशिगनमध्ये हा कायदा आला 2012 च्या डिसेंबरमध्ये. "हा माझ्या यादीत नाही" असं सांगत आलेल्या गव्हर्नर रिक स्नायडर यांनी अचानक तो यादीत घेतला, आणि लान्सिंगला विधानभवनाबाहेर हजारो लोक घोषणा देत असताना 11 तारखेला सही करून मोकळे झाले. कायद्यात दहा लाख डॉलरची तरतूद चिकटवली होती. पैशांची तरतूद असलेला कायदा इथे जनमताला टाकता येत नाही, म्हणून. 2023 मध्ये डेमोक्रॅट्सनी तो रद्द केला, तेव्हा आमच्या बाजूनेही अगदी तीच दहा लाखांची युक्ती केली. याचा मला तेव्हाही राग आला होता, अजून आहे. मिसुरीत 2018 मध्ये हाच प्रश्न लोकांपुढे ठेवला, तर त्यांनी दोनास एक अशा मतांनी तो कायदा उडवून लावला. मग आपण कशाला घाबरायचं?

आमच्या मजल्यावर जुना करार संपल्यावर काही जणांनी वर्गणी थांबवली. त्यात एक जण असा, की रात्रपाळीला त्याच्यासारखा माणूस शेजारी असावा असं कुणालाही वाटेल. शीर सापडत नसली की सगळे त्याला हाक मारतात. 2019 मध्ये त्याला लेखी ताकीद मिळाली. दुसऱ्या मजल्यावर माणसं कमी पडली की आमच्यातल्या एकाला तिकडे पाठवतात, त्याला फ्लोट म्हणतात. करारात त्याची पाळी ठरलेली आहे. याने "माझी पाळी नाही" म्हणून नकार दिला होता.

मी सुट्टीच्या दिवशी गेले. फ्लोटची नोंद एका स्पायरल वहीत असते, चार्ज नर्सच्या टेबलावर, कॉफीचे डाग पडलेली. तिची तीन पानं झेरॉक्स केली आणि याचं नाव पिवळ्या पेनाने रंगवलं. एकाच फेरीत दोनदा. बाकीच्या चौघींची पाळी आलेलीच नाही. खोलीत मॅनेजर, एचआरची बाई, टिश्यूचा डबा आणि आम्ही दोघं. मी ती पानं टेबलावर एकापुढे एक मांडली आणि गप्प बसले. वीस मिनिटांत ताकीद फाइलमधून काढायचं ठरलं.

लिफ्टमध्ये तो म्हणाला, "थँक्स. पण मी परत सभासदाच्या कार्डावर सही करणार नाही हं."

फुकट्या! मनात हाच शब्द आला, आणि लगेच वडील आठवले, आमचे अण्णा.

अण्णा करी रोडच्या एका गिरणीत लूमखात्यात होते. पगाराच्या दिवशी खिडकीवरून पाकीट घेऊन वळलं की समोर युनियनचा माणूस पावतीपुस्तक घेऊन उभा. कागदावर सगळं ऐच्छिकच. पण बदलीवाल्यांनी, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी लागणाऱ्यांनी, नाही म्हणायची छाती कुठून आणायची? अण्णा वर्गणी भरायचे आणि पावती घरी आणून दारामागच्या तारेत ओवायचे, वाण्याच्या आणि विजेच्या बिलांबरोबर. त्या युनियनबद्दल त्यांच्या तोंडून मी एकही चांगला शब्द ऐकला नाही.

1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मुंबईभरच्या गिरण्यांसाठी एकच प्रातिनिधिक युनियन मानली होती. तिची ताकद मोजायची ती वर्गणीदार सभासदांवरून, गुप्त मतदानाने नाही. म्हणजे तारेतली प्रत्येक पावती अण्णांना नको असलेल्या युनियनचं बळ वाढवत होती. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबर हा कायदा रद्द करा अशीही मागणी होती. मालक आणि सरकार म्हणत राहिले की बोलू तर मान्यताप्राप्त युनियनशीच. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची. अण्णा पुन्हा गिरणीत गेले नाहीत, दादरच्या एका सोसायटीत वॉचमन झाले. तार मात्र कितीतरी वर्षं दारामागे होती.

म्हणून मजल्यावरचा आमचा तो सहकारी "माझ्या पगारातून माझ्या मर्जीविरुद्ध?" असं विचारतो, तेव्हा मला हसून उडवून लावता येत नाही. एकदा तर त्याने फोनवर बातमीच काढून दाखवली. वाहन कामगारांच्या युनियनचे दोन माजी अध्यक्ष, गॅरी जोन्स आणि डेनिस विल्यम्स, कामगारांच्या पैशांवर मजा मारल्याबद्दल तुरुंगात. आमची युनियन वेगळी, पण मी काय बोलणार? एवढंच म्हणाले, की इथे आम्हाला मत आहे. तीस टक्के सह्या गोळा कर, गुप्त मतदान लाव आणि पाडून टाक आम्हाला. अण्णांना ती सोय असती तर त्यांनी वर्गणी खुशीने भरली असती, आणि पहिल्या मतदानात ती युनियन घरी पाठवली असती.

कायदा प्रत्यक्ष उठला 13 फेब्रुवारी 2024 ला. सरकारी नोकरांना त्याचा उपयोग नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या जेनस निकालाने त्यांच्याकडून असे पैसे घेणं देशभर बंद केलंय. माझी एक मैत्रीण सरकारी शाळेत शिकवते, तिच्याकडे सगळं जैसे थे. आमच्याकडेही त्या दिवशी काही बदललं नाही, पैशांचं कलम पुढच्या करारातच येणार होतं. तो मंगळवार नेमका पुंचकीचा निघाला. लेंटच्या उपासाआधी खायचे हे पोलिश लोकांचे तळलेले, आत जॅम भरलेले गोळे. आमचा तो सहकारी दरवर्षी पहाटे हॅमट्रॅमिकला रांग लावून दोन खोके आणतो. खोकं माझ्यापुढे सरकवत म्हणाला, "घे, माझ्या खिशातलं शेवटचं फुकट." आणि रास्पबेरीचा आधीच स्वतः उचलून मला प्रूनचा ठेवला.

पुढच्या करारात कलम आलं. त्याने फी, म्हणजे खर्चातला तो वाटा, भरायला सुरुवात केली, दोन महिने धुसफुसला. मग एका रात्री औषधांच्या गाडीपाशी थांबून त्याने विचारलं, फी भरणाऱ्याला करारावर मत देता येतं का? म्हटलं, नाही, त्यासाठी सभासद व्हावं लागतं. दुसऱ्या दिवशी माझ्या लॉकरच्या फटीतून त्याचं सही केलेलं कार्ड आत टाकलेलं होतं.

पगाराच्या पुरवणी करारावर मतदान झालं, तेव्हा त्याने विरोधात मत दिलं. मला मुद्दाम येऊन सांगून गेला.