मेलबॉक्सवर माझं नाव

२०१३ च्या जूनमध्ये मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आले. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-४ या त्याच्या बायकोच्या व्हिसावर. म्हणजे राहायला मुभा, शिकायला मुभा, कमवायला नाही. साताऱ्यात एका पतसंस्थेत सहा वर्षं हिशेब सांभाळले होते, मार्चअखेरीला रात्री अकरापर्यंत बसून. इथे मात्र ओक ट्री रोडवर भाजी आणायची तरी नवऱ्याच्या सुट्टीची वाट बघायची, कारण गाडी चालवता येत नाही आणि बस कुठून सुटते ते माहीत नाही.

वर्षभराने लायसन्स काढायचं ठरवलं. न्यू जर्सीत त्यासाठी ओळखीच्या कागदपत्रांचे सहा गुण जमवावे लागतात आणि शिवाय पत्त्याचा पुरावा. पासपोर्ट आणि आय-९४, म्हणजे देशात आल्याची सरकारी नोंद, होतं. पत्त्याचा पुरावा म्हणून मी विजेचं बिल पुढे केलं. खिडकीतल्या बाईने ते उलटंपालटं करून विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?" भाडेकरार त्याच्या नावाचा, बँक त्याची, फोन त्याचा, इंटरनेट त्याचं. पासपोर्ट तर माझा माहेरच्या आडनावाचा. लग्नानंतर बदललाच नव्हता. कागदोपत्री त्या घरात मी राहतच नव्हते.

त्याच आठवड्यात शेजारच्या गुजराती बेन मला महिला मंडळात घेऊन गेल्या. मंडळ म्हणजे शनिवारी दुपारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत जमणाऱ्या पंधरा-वीस भारतीय बायका. मराठी, गुजराती, तेलुगू, दोन पंजाबी. 'सक्षमीकरण' हा शब्द ऐकला की मला व्यासपीठ, शाल आणि नारळ दिसतो, म्हणून मी मागच्या खुर्चीवर बसले. पण तिथे भाषण नव्हतंच. एक तेलुगू अक्का बँकेचं स्टेटमेंट कसं वाचायचं ते दाखवत होती. नागपूरच्या एक काकू होत्या, तीस वर्षं इथे राहिलेल्या. माझी कथा ऐकून म्हणाल्या, "पहिले एक कागद तुझ्या नावाचा कर नं. बाकीचं मग पाहू."

सोमवारी आम्ही दोघं बँकेत गेलो. सोशल सिक्युरिटी नंबर नसतानाही पासपोर्टवर माझं नाव त्याच्या खात्यात जोडता आलं. नवऱ्याची हरकत नव्हतीच; त्याला ते सुचलं नव्हतं आणि मलाही. महिन्याभराने माझ्या नावाचं पहिलं स्टेटमेंट आलं. लायसन्स मिळालं ते दुसऱ्या रोड टेस्टला. पहिल्यांदा स्टॉपच्या पाटीपाशी मी गाडी 'जवळजवळ' थांबवली होती.

मंडळात सगळं गोडीगुलाबीने चालायचं असं नाही. एका संक्रांतीला हळदीकुंकवाची यादी करताना कुणीतरी नुकत्याच घटस्फोट झालेल्या मुलीचं नाव गाळलं. दोन शनिवार भांडण चाललं. शेवटी काकूंनी हळदीकुंकूच रद्द केलं आणि सगळ्यांना तिळगूळ वाटला. त्यानंतर तीन जणी यायच्या बंद झाल्या. दुसरा वाद डब्यांचा. घरून पोळीभाजीचे डबे, दिवाळीत चकल्या विकून रोख पैसे घेणाऱ्या आमच्यात बऱ्याच होत्या. एच-४ वर तेही बेकायदा कामच, आणि पुढे अर्ज करताना अंगाशी येऊ शकतं, असं अक्काने स्पष्ट सांगितल्यावर खोलीत शांतता पसरली. त्यातल्या एकीच्या हातात नवरा पैसे ठेवत नसे हे आम्हाला ठाऊक होतं. लायब्ररीच्या बायकांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला, काकूंनी परवानगी काढून 'मानवी'चा फोन नंबर चिकटवला होता. अत्याचार सोसणाऱ्या दक्षिण आशियाई बायकांसाठी ही संस्था न्यू जर्सीत १९८५ पासून काम करते. नंबर आतल्या बाजूला का, तर तिथे नवरा सोबत येत नाही.

२६ मे २०१५ ला एक नवा नियम लागू झाला: नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला आय-१४० हा अर्ज मंजूर असेल, तर एच-४ वरच्या बायकोला कामाच्या परवान्यासाठी, म्हणजे ईएडीसाठी, अर्ज करता येतो. आमचा आय-१४० मंजूर व्हायला २०१६ चा शेवट उजाडला. अर्जाचा फॉर्म आय-७६५, तेव्हाची फी ४१० डॉलर, दोन बाय दोन इंचाचे दोन फोटो. वाटलं, एवढंच तर आहे.

पहिली अडचण आय-१४० च्या नोटिशीची. तो अर्ज कंपनीचा असतो, कर्मचाऱ्याचा नाही. कंपनीच्या वकिलाने प्रत द्यायला साफ नकार दिला. नवरा वैतागला, मी रडले. अक्काने फॉर्मच्या सूचनांची पानं उघडून एका ओळीवर बोट ठेवलं: प्रत नसेल तर पावती क्रमांक देता येतो. तो नवऱ्याच्या जुन्या ईमेलमध्ये सापडला.

दुसरी अडचण लग्नाच्या दाखल्याची. आमचा दाखला गावच्या ग्रामसेवकाच्या सहीचा, पूर्ण मराठीत. सोबत इंग्रजी भाषांतर हवं आणि ते पूर्ण व बिनचूक आहे, आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतर करणारीने सहीनिशी लिहून द्यायचं. काकू चष्मा लावून बसल्या. 'मु. पो.' पाशी पेन अडलं. मु. म्हणजे मुक्काम की मौजे? त्यावर अर्धा तास गेला, बेननी मध्ये चहा आणला. मग तारीख. दाखल्यावर ०८/०५/२०११. काकूंनी तशीच उतरवली आणि मग स्वतःच खोडली. "इथले लोक हे पाच ऑगस्ट वाचतील. श्रावणात लग्न लावलं म्हणतील तुझं." लग्न झालं होतं अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी, मे महिन्यात. काकूंनी महिना अक्षरात लिहिला. माझं लग्नाआधीचं नाव, वडिलांच्या नावासकट, पासपोर्टशी एकेक अक्षर ताडून पाहिलं. दाखल्याखेरीज हे नाव नवऱ्याशी जोडणारा दुसरा कागदच माझ्याकडे नव्हता.

पाकीट पोस्टात टाकल्यावर अक्काने विचारलं, "मेलबॉक्सवर तुझं नाव आहे?" नव्हतं. तिचं स्वतःचं ईएडी कार्ड याच कारणाने परत गेलं होतं: पेटीवर नवऱ्याचं आडनाव, पाकिटावर हिचं, पोस्टमनला वाटलं इथे अशी कुणी राहत नाही. त्या संध्याकाळी मी पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने माझं नाव लिहिलं आणि त्याच्या नावाखाली चिकटवलं. पावसात शाई फुटली म्हणून दोनदा.

तीन महिने आणि आठ दिवसांनी कार्ड आलं. सोशल सिक्युरिटी नंबर काढला. मंडळात मुलाखतीचा सराव झाला. 'इतकी वर्षं काय केलंत' या प्रश्नाला मी दर वेळी माफी मागितल्यासारखं उत्तर द्यायचे, ती सवय बेननी मोडली. इझलिनमध्ये एका छोट्या अकाउंटंटकडे काम लागलं. मार्चमध्ये रात्री अकरापर्यंत बसायची सवय होतीच, इथे ती एप्रिलपर्यंत लांबली.

पण ईएडी नवऱ्याच्या व्हिसाच्या मुदतीला बांधलेलं. माझं मार्च २०२० मध्ये संपत होतं. ऑक्टोबरमध्येच अर्ज केला होता, पण तोवर एच-४ वाढवतानाही बोटांचे ठसे लागू लागले होते. तारीख मिळाली मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली. अठरा मार्चला कोविडमुळे ठसे घेणारी कार्यालयं बंद झाली. कार्ड संपल्यावर एक दिवसही काम करता येत नाही. ऐन टॅक्सच्या हंगामात मी टेबल आवरलं. नवं कार्ड सप्टेंबरात आलं. मालकाने वाट पाहिली, हे नशीब. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका खटल्यातल्या तडजोडीनंतर, एच-४ ची मुदत शिल्लक असेल तर कार्ड आपोआप काही काळ वाढायला लागलं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना ती सवलतही राहिली नाही. म्हणून हल्ली शनिवारी आमचं पहिलं काम म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येकीची मुदत लाल पेनाने लिहिणं आणि त्याआधी सहा महिन्यांवर गोल करणं.

काकू आता मुलाकडे टेक्सासला असतात. भाषांतरं माझ्याकडे आली आहेत. गेल्या शनिवारी सांगोल्याची एक मुलगी दाखला घेऊन आली. पहिल्याच ओळीत 'मु. पो.'. मी काकूंना फोन लावला.

"मुक्काम लिही," त्या म्हणाल्या. "आणि तिच्या मेलबॉक्सचं विचार."